आतल्या बांगड्या

अंबूबाई कासारणीने हात हातात घेतला की बाईने आपलं माप सांगायचं नसतं. आष्ट्याला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी हे शिकले, आणि तेही बोलणी खाऊन. सांगलीला आमच्या घरी येणाऱ्या कासाराला आई "विनूला अडीचच्या" असं सांगायची. त्या सवयीने मीही अंबूबाईला म्हणाले, "मला अडीचच्या द्या." तिने माझा हात तसाच धरून ठेवला आणि भोवती बसलेल्या बायकांना विचारलं, "ह्या बाई शाळंत शिकवायला आल्यात न्हवं? मग आमाला बी शिकिवत्यात वाटतं." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. अंबूबाईने माझ्या अंगठ्याखालचं हाड दाबून पाहिलं, मूठ मिटवली, उघडली आणि सव्वादोनच्या बांगड्या काढल्या. त्या चढताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण पुढे दीड वर्ष त्यातली एकही बांगडी वाढली नाही. फुटली असं कासारणीपुढे म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, हेही तिनेच शिकवलं.

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. तरी या बाईवर तो टिकायचा नाही. पन्नाशीची ठेंगणी, ठसठशीत बाई. नेसायला नऊवारी, पुढे गाठ मारलेली चोळी, डोक्यावर बांगड्यांची टोपली. नवरा कोंडीबा बाजारातलं दुकान सांभाळायचा आणि ही गावभर फिरायची. अक्षरओळख नव्हती, आकडे वाचता येत नव्हते. सगळं शहाणपण हातात होतं. गावातल्या कुठल्याही बाईचा हात डोळे मिटून चाचपला तरी ती नाव सांगेल असं लोक म्हणत, आणि ते खोटं नसावं.

तिचं एक तत्त्व होतं. बांगडी जाताना दुखली पाहिजे. सैल बांगडी लोंबते, आदळते आणि दोन दिवसांत वाढते. घट्ट बसलेली वर्षभर जागची हलत नाही. "ज्या बांगडीनं रडवलं न्हाई ती आपली न्हाई" असं ती म्हणायची. बांगड्यांपुरतं ते अगदी खरं होतं.

बहात्तरच्या सुमाराला तिने टोपलीत आणखी एक जिन्नस ठेवायला सुरुवात केली. पोलक्याच्या आत घालायचा तो; आम्ही सांगलीकर त्याला बॉडी म्हणायचो, आष्ट्यात तिची बाडी झाली होती. शहरात शिकून आलेल्या सुना, हायस्कुलात जाणाऱ्या मुली, शाळेतल्या आम्ही दोघीतिघी, सगळ्यांना ती हवी असायची. पण आणायची कुठून? कापडाच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस कुणाचा दीर, कुणाचा भाचा, कुणाच्या नवऱ्याचा तालमीतला दोस्त. त्याच्यापुढे उभं राहून काय मागणार आणि कसं? अंबूबाई बांगड्यांचा माल भरायला सांगलीच्या गणपती पेठेत जायचीच. येताना ती बाड्या आणू लागली. टोपलीच्या तळाशी वर्तमानपत्राखाली त्या असत. घरात सासरा, दीर, नवरा कुणीही बसलेला असो, सून दारातून बिनधास्त विचारायची, "मावशी, आतल्या बांगड्या हायत का?" अंबूबाई म्हणायची, "हायत की." आणि टोपली माजघरात जायची.

या शब्दाने एकदा मोठी गंमत केली. नाथाजी नावाचा एक फौजी रजेवर आला होता. बायको शेजारणीला सांगत होती ते त्याने अर्धवट ऐकलं, की तिला आतल्या बांगड्या घ्यायच्या आहेत. बायकोवर भारी जीव. गडी बाजारच्या दिवशी ऐन गर्दीत अंबूबाईपुढे जाऊन उभा राहिला आणि परेडच्या आवाजात म्हणाला, "मावशी, आतल्या बांगड्या द्या. एक डझन. हिरव्या, आन सगळ्या एक नंबर माल पायजे." भोवतीच्या बायकांनी माना खाली घातल्या. अंबूबाई जरासुद्धा हसली नाही. "डझनानं मिळत न्हाईत त्या," ती म्हणाली, "आन हिरव्या तर न्हाईतच. तुजी बायकू कुठं हाय, तिला धाड." नाथाजीला त्या शब्दाचा अर्थ कळला तेव्हा तो युनिटमध्ये परत पोचला होता म्हणतात. बायकोने पत्रातून कळवला.

आता बाडीचा नंबर अंबूबाई कसा ठरवायची? टेप तिच्याजवळ नव्हती आणि असती तरी वाचता आली नसती. ती हात धरायची. ज्या बाईला सव्वादोनची बांगडी तिला बत्तीस, अडीचवालीला चौतीस, पावणेतीनवालीला छत्तीस. डब्यावरचे आकडे तिने चित्रासारखे पाठ केले होते. हाताचं हाड कळलं की सगळी बाई कळली, असा तिचा हिशोब. घालून पाहिल्यावर कुणी "लय आवळतीया" म्हणाली तर अंबूबाई समाधानाने मान हलवायची. आवळते म्हणजे बरोबर बसली.

यावर आता तुम्ही हसाल. मी मात्र हसू शकत नाही. मी भूगोलाची पदवीधर, नकाशावरून दोन गावांतलं अंतर काढायला मुलींना शिकवत होते, आणि मलाही कधी शंका आली नाही. माझ्या बॉड्या सांगलीहून यायच्या. मी सोळा वर्षांची असताना दुकानातल्या माणसाने माझ्याकडे एकदा ओझरतं पाहून "चौतीस" म्हटलं होतं. सव्वीस वर्षांची झाले तरी मी चौतीसच मागत होते.

विजयमाला माझी विद्यार्थिनी. भाऊसो नावाच्या ऊसवाल्या शेतकऱ्याची थोरली लेक. उंच, सावळी, हात अगदी नाजूक आणि बाकी अंग भरलेलं. तेराव्या वर्षीच भरायला लागलेल्या मुलींची जी गत होते ती तिची झाली होती. खांदे पुढे घेऊन, छातीशी पुस्तकं धरून, खाली काहीतरी पडलंय ते शोधत असल्यासारखी चालायची. वर्गात शेवटचा बाक. फळ्याजवळ बोलावलं की तिथूनच उत्तर द्यायची, उठून यायची नाही. पण शाळेत कुणाला लागलं, कुणाला भोवळ आली की सगळ्यांच्या आधी ही पोचायची. रक्त पाहून मी तोंड फिरवायची आणि ती शांतपणे चिंधी बांधायची. अकरावी झाल्यावर मीच तिचा नर्सिंगचा फॉर्म भरला, भाऊसोंशी तीन संध्याकाळी वाद घातला, आणि चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर ती सांगलीला गेली.

जायच्या आधी एकच गोष्ट तिला छळत होती. शिकाऊ नर्सेसना पांढरा फ्रॉक, कमरेला पट्टा. पदर नाही. आजवर जे झाकलं ते आता झाकायचं कशाने? अंबूबाईने तोडगा काढला. "तुजा हात सव्वादोनचा. तुला बत्तीस. पन सांगलीला जायाचं हाय, तर आनखी एक नंबर उतरून घे. समदं गच्च बसंल, कुनाला काय दिसायचं न्हाई." तिने तिसाच्या दोन बाड्या दिल्या, आणि विजयमाला दोन्ही नीट घडी करून घेऊन गेली.

तिसऱ्या आठवड्यात ती परत आली. वॉर्डात एका आजारी बाईला कुशीवर वळवताना तिला घेरी आली होती, आणि ती त्या बाईच्याच खाटेवर आडवी झाली होती. असं पूर्वीही दोनदा झालं होतं. मोठ्या सिस्टरांनी आठ दिवसांची रजा दिली. तब्येत सुधारून पुढच्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या मुलीला जाणार.

मी मंगळवारी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले तेव्हा भाऊसोंचं ठरलं होतं. माणूस वाईट नव्हता, उलट फार मायाळू. "बाई, पोरीच्या अंगाला झेपत न्हाई," ते म्हणाले. "रोज उठून भोवळ यायला लागली तर शिक्षान काय करायचं? तासगावास्नं द्राक्षबागंवाल्याचं स्थळ आलंय. परवा बगायला येत्यात." मी विजयमालेला विचारलं. ती म्हणाली, "न्हाई जमत मला, बाई." इतकंच. मला तिचा असा राग आला की तिथून उठून जावंसं वाटलं. पण मी गेले नाही, कारण तेवढ्यात टोपली घेऊन अंबूबाई आली. पाहुणे यायचे म्हणून चंद्राबाईने, म्हणजे विजयमालेच्या आईने, लेकीला बांगड्या भरायला तिला बोलावलं होतं.

आम्ही माजघरात बसलो. अंबूबाईने विजयमालेचा डावा हात भरला, गप्पा मारत, एक एक बांगडी सरकवत. मग म्हणाली, "आण उजवा." विजयमालेने उजवा हात पुढे केला तसा तिचा पदर ओघळला आणि पोलक्याचा गळा खांद्यावरून सरकला. अंबूबाई बोलता बोलता थांबली.

"हे काय गं?"

"काय न्हाई, मावशी."

"काय न्हाई कसं? जू लागलेल्या बैलागत वळ हाय. कातडं सोललंय."

विजयमालेने आईकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. "बाडीचा हाय."

"कुठनं घेतलीस असली?"

"तुमीच दिलीती, मावशी."

अंबूबाईने हलक्या हाताने पोलकं आणखी थोडं सरकवलं. काखेखाली, पाठीवर, पुढे बरगड्यांवर सगळीकडे तोच लाल पट्टा होता. "श्वास घ्याला येतुया का हिच्यात?" तिने विचारलं.

"हात वर केला की न्हाई येत. वाकलं की डोळ्यांम्होरं अंधारी येती. पन बाकीच्या पोरी बी घालत्यात की. त्या दिवसभर पळत्यात. मला वाटलं, माजंच अंग वंगाळ हाय. असल्या कामाला चालनारं न्हाई."

तिने ते इतक्या साधेपणाने सांगितलं की माझा सगळा राग विरघळला, आणि त्याच्या जागी लाज आली. तीन संध्याकाळी मी तिच्या बापाशी भांडले होते, पण तिला एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं.

अंबूबाईने हातातल्या बांगड्या परत दोऱ्यात ओवल्या आणि ती उठली. चंद्राबाई घाबरली. एक हात भरून दुसरा मोकळा सोडून कासारीण उठते हे आष्ट्यात कुणी पाहिलं नव्हतं. "आवं, उजवा हात?"

"उजवा मागनं भरीन."

"परवा पावनं यायचं हायत."

"येऊ द्यात की. एका हातानं दावा," असं म्हणून ती टोपली डोक्यावर घेऊन निघालीसुद्धा. एका हातात नऊ बांगड्या आणि दुसरा हात भुंडा, अशी मुलगी कोण पाहुण्यांपुढे बसवणार? गावातल्या दुसऱ्या कासाराला बोलावणं गेलं, तर तो म्हणाला, अंबूबाईने अर्धा सोडलेला हात मी भरणार नाही. झक मारत भाऊसोंनी तासगावला निरोप धाडला की आठ दिवसांनी या. अंबूबाईने हे सगळं उठतानाच ताडलं होतं.

मी तिच्यामागोमाग निघाले. माझ्या खोलीपाशी आल्यावर ती म्हणाली, "बाई, सांगलीची पैली यष्टी कवा हाय?"

बुधवारी मी शाळेत पोट दुखतंय असा निरोप धाडला आणि आम्ही दोघी गणपती पेठेत हरिभाऊंच्या दुकानात पोचलो. हे तिचे नेहमीचे घाऊक व्यापारी. सज्जन गृहस्थ. बाड्यांचे डबे काढताना नजर छताकडे ठेवायचे.

"हरीभाऊ, हिचा नंबर कसा काडत्यात?" अंबूबाईने विचारलं.

"म्हणजे? तू सांगतेस तो मी देतो."

"आन बाकीची गिऱ्हाइकं?"

"त्याही सांगतात. बायकांना ठाऊक असतं."

"बायकांस्नी मी सांगती," अंबूबाई म्हणाली. "मग ठाव कुणाला हाय?"

हरिभाऊ आणखी वर पाहू लागले. माझा मात्र संताप झाला. सबंध जिल्ह्यातल्या बायका कुणालाच ठाऊक नसलेल्या आकड्यांत स्वतःला कोंबून घेत होत्या, आणि त्यात मीही होते. मी त्यांच्या हातून एक डबा ओढून घेतला. बाडीखाली घडी केलेला इंग्रजी कागद होता. त्यावर बाईचं चित्र आणि चित्राला दोन ठिकाणी टेप गुंडाळलेली. हरिभाऊ म्हणाले, "तो प्रत्येक डब्यात असतो. आम्ही काढून टाकतो."

मी तो तिथेच वाचला. छातीच्या खाली, बरगड्यांवरून एक माप घ्यायचं आणि त्यात पाच इंच मिळवायचे. तो नंबर. मग छातीच्या भरल्या भागावरून दुसरं माप. ते नंबरपेक्षा एका इंचाने जास्त असेल तर वाटी ए, दोन इंचांनी बी, तीन इंचांनी सी. मी अंबूबाईला मराठीत समजावलं. ती दुकानाच्या पायरीवर बसली.

"म्हंजे मापं दोन हायत."

"हो."

"बांगडीला येकच अस्तंय." तिने आपलाच हात पुढे धरून पाहिला. "आन मी ते बी हाताचं घेत हुते."

आम्ही गावभागात माझ्या आईच्या घरी गेलो. आईच्या शिवणयंत्राच्या खणातून टेप काढली, दार लावलं, आणि पहिली परीक्षा माझीच झाली. छत्तीस, बी. दहा वर्षं मी भलत्याच कुणाच्या तरी मापात वावरत होते. संध्याकाळी शाळेतून आल्यावर पाठ दुखते ती फळ्यावर लिहून लिहून, असं मी समजत होते. हरिभाऊंकडून पारखायला आणलेल्यांतली छत्तीस मी घातली आणि पहिला श्वास घेतला, तो इतका खाली गेला की मला हसूच फुटलं. अंबूबाई माझ्याभोवती फिरून फिरून बघत होती. पाठीवरचा पट्टा वर चढत नाही, खांद्याच्या पट्टीखाली दोन बोटं जातात, हात वर केला तरी काही जागचं हलत नाही. "रडवलं न्हाई तरी बसलीया," ती स्वतःशीच म्हणाली. तिच्या सगळ्या आयुष्याच्या विरुद्ध जाणारं ते वाक्य होतं.

आकडे वाचता येत नाहीत ही अडचण तिने परतीच्या एसटीत सोडवली. टोपलीतून करगोट्याचा काळा दोरा काढला आणि माझ्याकडून टेपवर जागा विचारून त्याला रंगीत धाग्यांच्या गाठी मारल्या. बत्तीसची लाल, चौतीसची हिरवी, छत्तीसची पिवळी, अडतीसची पांढरी. हा खालच्या मापाचा दोरा. पाच मिळवायची कटकट तिने गाठी पाच इंच अलीकडे बांधूनच मिटवली. वरच्या मापासाठी दुसरा दोरा, त्याला त्याच रंगांच्या गाठी. गाठ ओलांडून दोरा जितकी बोटं पुढे जाईल तितकी वाटी. एक बोट ए, दोन बोटं बी, तीन बोटं सी. कंडक्टर तिकीट फाडायचं विसरून तिच्या हाताकडे पाहत होता. "पोरासाठी करगोटा करतीया," तिने त्याला सांगितलं.

गुरुवारी आम्ही भाऊसोंच्या घरी गेलो. दार आतून लावलं. अंबूबाईने विजयमालेला उभं केलं आणि आधी तिच्यापुढे स्वतः ताठ उभी राहिली.

"पोरी, तुजं अंग वंगाळ न्हाई. माजा हात चुकला."

चंद्राबाईने माझ्याकडे पाहिलं. कासारणीच्या तोंडून हे शब्द तिने जन्मात ऐकले नव्हते. मीही नाही.

दोरे फिरले. खाली हिरवी गाठ, वर तीन बोटं. चौतीस, सी. या मुलीला आपण तीस घालायला लावली होती. हरिभाऊंकडे सी वाटीच्या बाड्या सगळ्यात खालच्या डब्यात धूळ खात पडल्या होत्या. कुणी मागतच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पारखायला आणलेल्यांत आम्ही त्याही उचलल्या होत्या. अंबूबाईने घालायची रीतही सांगितली. आधी पुढं वाक, अंग वाटीत आपसूक बसू दे, मग हूक लाव, मग उभी ऱ्हा. विजयमाला भिंतीकडे तोंड करून हे सगळं करत होती आणि आम्ही तिघी चुलीकडे बघत बसलो होतो.

"झालं का?"

मी वळून पाहिलं. ती दोन्ही हात डोक्यावर धरून उभी होती, नुसती श्वास घेत. आत, बाहेर, पुन्हा आत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा हसत होता.

"आता वाक," अंबूबाई म्हणाली. ती वाकली. "उचल काय तरी." विजयमालेने इकडे तिकडे पाहिलं, आणि आजारी माणसाला उचलायला शिकवतात तसा एक हात आईच्या पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घालून तिने चंद्राबाईला सरळ उचलून घेतलं. चंद्राबाई "आगं सोड, आगं पडीन" करत हसायला लागली. विजयमालेने तिला वाकळेवर अलगद ठेवलं, कुशीवर वळवलं, पुन्हा उचललं. घेरी आली नाही. मग आईच तिथे वाकळेवर पडल्या पडल्या रडू लागली, आणि माझ्याच्यानेही राहवेना.

सोप्यात भाऊसो अस्वस्थ होऊन येरझारा घालत होते. त्यांना सांगायचं कसं? अंबूबाई बाहेर गेली आणि पदर सावरून म्हणाली, "दादा, पोरीला काय बी झालं नव्हतं. आतल्या बांगड्या घट्ट झालत्या. चूक माजी. आता मापाच्या भरल्यात."

भाऊसोंना तो शब्द कळत होता की नाही कोण जाणे. गावातल्या बऱ्याच पुरुषांना तो कळत असावा आणि ते कळत नसल्यासारखे वागत असावेत. भाऊसोंनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "मग जाऊ द्या की सोमवारी. तासगावला नगं म्हणून कळवतो. आमी काय आडवं आलो हुतो व्हय?"

सोमवारपर्यंत मध्ये तीन दिवस होते. ते तीन दिवस अंबूबाईने बांगडी विकली नाही. ज्या ज्या घरी बाडी दिली होती त्या प्रत्येक घरी ती दोन दोरे घेऊन गेली. "माजा हात चुकला, माप परत घिऊ द्या," असं तिने चाळीसएक घरांत म्हटलं. लोक नावं ठेवतील म्हणून मी तिला अडवायला गेले, तर मलाच दटावलं. कुणी नावं ठेवली नाहीत. फौजी नाथाजीच्या बायकोने दार लावून घेतल्यावर सांगितलं की ती ऊस भांगलायला जाताना बाडी काढून ठेवते, कारण वाकवत नाही, आणि आपल्यालाच सवय नाही म्हणून असं होतं असं तिला वाटे. एक नवी सून म्हणाली, मला वाटलं मी जाड झाले. एकीला वाटत होतं बाळंतपणात अंग बिघडलं. चाळीस बायका, आणि एकीनेही दुसरीला विचारलं नव्हतं. जी ती आपापल्या अंगाला दोष देत गप्प बसली होती. अंबूबाई ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि दोरा काढायची.

सोमवारी पहाटेच ती विजयमालेच्या घरी हजर झाली. वॉर्डात काचेच्या बांगड्या चालत नाहीत. डाव्या हातात भरलेल्या त्या नऊ बांगड्या तिने साबणाचा फेस करून स्वतःच्या हाताने उतरवल्या, आणि एकही वाढली नाही. भाऊसो लेकीची वळकटी डोक्यावर घेऊन एसटीपर्यंत आले. मी आणि अंबूबाई तिला पोचवायला सांगलीपर्यंत गेलो.

दवाखान्याच्या फाटकातून ती आत गेली. अंबूबाई निघायला तयार नव्हती. "कामाला लागलेली बगू दे," ती म्हणाली. आम्ही फाटकाच्या गजांशी उभ्या राहिलो. घंटा झाली आणि वसतिगृहातून दहाबारा मुली पांढऱ्या फ्रॉकमध्ये, कमरेला पट्टे आवळून, ओळीने वॉर्डाकडे निघाल्या. अंबूबाईने ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आणि पुन्हा शेवटापासून पहिल्यापर्यंत.

"बाई, ह्यात आपली न्हाई."

मीही शोधत होते. पुढे वाकलेले ते खांदे, ती खाली घातलेली मान, मी चार वर्षं वर्गात पाहिलेली. त्या ओळीत तसं कुणीच नव्हतं. पुन्हा काही झालं की काय? सिस्टरांनी घेतलं नाही की काय? अंबूबाईने माझा दंड घट्ट धरला.

तेवढ्यात ओळीतली सगळ्यांत उंच मुलगी, जिच्यावरून माझी नजर दोनदा पुढे गेली होती, ती आमच्याकडे वळली. तिने हात पार डोक्यावर नेऊन हलवला आणि ती ओळीबरोबर वॉर्डात गेली.